गोणीत बांधलेली शिदोरी

मांजर मारणं महापाप आहे, असं ज्या ज्या माणसाने मला या नोकरीत बजावून सांगितलं, त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात एकदा तरी मांजर गोणीत घालून कुठेतरी नेऊन सोडलेलं होतं. मारायचं नाही, सोडायचं. हात स्वच्छ राहतात.

संपादकांचा निरोप आला की, जनावरांच्या फिरत्या दवाखान्यातल्या गमतीजमती लिहा, दिवाळी आहे, वाचकांना हलकंफुलकं लागतं. गमती आहेत. वाशीच्या नव्या फ्लॅटमधून एक गृहस्थ मांजर घेऊन आले. तक्रार अशी, की ते उंदीर पकडत नाही. डॉक्टरांनी तपासलं, ठणठणीत. मी विचारलं, "घरात उंदीर आहेत का?" म्हणाले, "एकही नाही. पण दूध रोज पितं ना!" झाली गंमत. आता मला जे लिहायचंय ते लिहिते.

मी डॉक्टर नाही. गाडीवरची मदतनीस आहे. वडील कोकणातलं गाव सोडून इथल्या कारखान्यात लागले, आम्ही नेरूळच्या बैठ्या घरात राहतो. कॉलेजात असल्यापासून वस्तीतल्या मंडळाची पत्रकं मी लिहायचे. नळ नाही, दिवा नाही, जमिनी घेतल्या पण नोकऱ्या दिल्या नाहीत, असली पत्रकं. तिथे मला एक गोष्ट शिकवली गेली. 'असे निदर्शनास आले आहे' असं लिहायचं नाही. कोणाच्या निदर्शनास? नाव सांग, काय केलं ते सांग, आणि पुढे हो. ही सवय मला नोकरीत फार नडली. पण गेली नाही.

दवाखान्याची ही गाडी एका संस्थेने खाडीकाठच्या गावांसाठी सुरू केली तेव्हा बैल आणि म्हशी होत्या. मग शेतं गेली, मागोमाग बैल विकले गेले. गाडी मात्र येत राहिली. गावात उरली कुत्री, कोंबड्या आणि मांजरं. संस्थेचे कार्यवाह एकदा मला म्हणाले, "बाई, मांजरासाठी पेट्रोल जाळायचं का आपण?" मी म्हटलं, "बैल विकणाऱ्याला विचारा, त्याला बैल विकायला कोणी लावला." त्यांनी माझ्याकडे बघणंच सोडलं. डॉक्टर हसले. आमचे डॉक्टर सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, मितभाषी गृहस्थ. ते मांजर तपासताना आवाज खाली आणायचे. मी तो खाली आणायला शिकले, पण फक्त मांजरांशी.

मांजर धरणं हे माझं मुख्य काम. लोकांना वाटतं, त्याला ताकद लागते. ताकद लावली की मांजर जिंकतं. जाड पंचा अंगावर टाकायचा, चारी पाय आत घ्यायचे, तोंड तेवढं बाहेर ठेवायचं आणि आपण घाईत आहोत हे त्याला कळू द्यायचं नाही. मग डॉक्टर हिरड्या बघतात. मानेवरचं कातडं चिमटीत उचलून सोडतात. पटकन खाली बसलं तर ठीक. तंबूच्या कापडासारखं उभंच राहिलं, तर अंगातलं पाणी आटलंय. तोंडाचा वासही घेतात. मूत्रपिंडं थकलेल्या मांजराच्या तोंडाला कुजकट, मुतारीसारखा वास येतो. एकदा घेतला की विसरत नाही.

तो वास मी पहिल्यांदा घेतला तो जनाबायच्या मनीचा.

जनाबाय खाडीकाठच्या शिरवणे गावची. वय पन्नाशीच्या पुढे, आवाज भरतीच्या पाण्यासारखा, थांबवता न येणारा. ती सुकी मासळी विकायची. घराच्या पुढच्या खोलीत बोंबील, जवळा, सोडे यांचे हारे, मोठ्या टोपल्या, भरून ठेवलेले, आणि त्या हाऱ्यांवर राखण करायला मनी. मासळीवर उंदीर तुटून पडतात, म्हणून सुक्या मासळीच्या घरात मांजर हवंच. मनीने त्या घरात उभं आयुष्य उंदरांशी लढण्यात काढलं होतं. एक कान फाटलेला, रंग करडा, चेहरा हवालदाराचा.

आमची गाडी शाळेच्या भिंतीला लागायची. त्या सकाळी जनाबाय डोक्यावर झाकलेली पाटी घेऊन आली आणि रांग सोडून थेट पुढे.

"बाजूला व्हा गो, माजी आजारी हाय."

"आमची काय नाचाया आणलीत?" रांगेतली एक म्हणाली.

डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय हिला?"

"मुतते."

"कुठे?"

"सुकटीवर."

सगळी रांग हसली. जनाबाय मागे वळली. "हसा, हसा. गेल्या बाजाराला तुमीच नेलीत."

हसणं थांबलं. दोघीजणी एकमेकींकडे बघायला लागल्या.

मी मनीला पंच्यात घेतलं. हाताला नुसती हाडं लागली. मानेचं कातडं उचललं ते उभंच राहिलं. डॉक्टर म्हणाले, "पाणी किती पिते?"

"लय पीत व्हती. हंडा उघडा दिसला की तोंड आत. म्हनून आता बंद केलंय."

"काय बंद केलंय?"

"पानी. पोटात पानीच नाय तर मुतल काय?"

मी तोंड उघडलं. डॉक्टरांनी माझ्या पायावर पाय ठेवला. ही त्यांची जुनी खूण.

"खायला काय देता?"

"मी खाते त्याच्यापेक्षा चांगलं," जनाबाय छाती काढून म्हणाली. "सोडे. जवला. गिऱ्हाईक मागनं, पयला वाटा हिचा. वाळली ना आता, म्हनून जास्त देते."

एका बाजूने खारवलेली मासळी, दुसऱ्या बाजूने पाणी बंद. आणि हे सगळं मायेने. जिथे खारं हेच अन्न आणि खारं हेच पोटपाणी, तिथेच ही चूक होऊ शकते. शहाळ्यावर वाढलेल्या माणसाला ती सुचणार नाही.

डॉक्टरांनी जमिनीवर बसून तिला समजावलं. मूत्रपिंड म्हणजे शरीरातली गाळणी. वय झालं की ती झिजते. मग घाण गाळायला तिला जास्त पाणी लागतं, आणि पाणी धरून ठेवणंही जमत नाही. मनी पाणी जास्त पिते म्हणून मुतत नाही. मुतण्यात पाणी जातं म्हणून ती पिते. पाणी बंद केलं तरी मुतणं थांबत नाही, फक्त विष अंगात साठतं. मीठ त्यात भर घालतं. हे बरं होणार नाही. पण सांभाळता येतं.

"किती दिवस?"

"सांगता येत नाही. नीट सांभाळलं तर बरेच."

जनाबायने मनीच्या फाटक्या कानावरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हिचं तोंड कधीपासनं उघडं हाय, तिला बोलू दे."

मी बोलले. पाणी घरात चार ठिकाणी ठेवायचं. ताजी मासळी मिळेल ती बिनमिठाची उकडून द्यायची, कढणासकट. हारे फळीवर चढवायचे. आणि मनी जिथे झोपते तिथून दोन पावलांवर पसरट घमेल्यात चुलीची राख ठेवायची, कारण तिला आता अंगणापर्यंत धीर निघत नाही. तिची खोडी नाही ही, तिला पोचता येत नाही.

"राख रोज बदलायची?"

"रोज."

"माज्या सासूचं पन मी एवढं केलं नाय."

"सासू उंदीर धरायच्या का?"

जनाबाय मोठ्याने हसली. तिथून आमची मैत्री झाली.

पुढच्या प्रत्येक फेरीला मनी पाटीतून यायची. काचेची सिरिंज उकळून घ्यायची, मानेच्या कातड्याखाली सलाईन सोडायचं, खांद्यावर उंटासारखा उंचवटा यायचा आणि हळूहळू जिरायचा. पावसाळा सरेपर्यंत मनी तराजूच्या पारड्यात बसायला लागली. जनाबाय गिऱ्हाइकांना सांगायची, "जास्त वजन नको असल तर आधी हिला उठवा."

पण आजारासोबत स्वभावही बदलतो, आणि लोक आजारापेक्षा त्यालाच घाबरतात. मनी भिंतीकडे तोंड करून ओरडायला लागली. लांब, रडका, माणसासारखा आवाज. शेजारी राहते बयो. गावातली मानाची म्हातारी, लग्न असो की बारसं, तिला विचारल्याशिवाय हलत नाही. बयो म्हणाली, मांजर कोणाला तरी बोलावतंय, या घरातून कोणीतरी जाणार. दुसऱ्या दिवशी गावभर झालं. डॉक्टरांनी मनीच्या कानामागे टाळी वाजवली. कान हलला नाही. डोळ्यांवरही पांढुरका पडदा आलेला. ते म्हणाले, "हिला ऐकू येत नाही, धूसर दिसतं, आणि आपण कुठे आहोत ते मधूनमधून विसरते. घाबरते आणि ओरडते. बाकी काही नाही."

जनाबायने त्यावर तिचा तिने उपाय काढला. मनी ओरडायला लागली की ती जमिनीवर टाच आपटायची. एकदा, मग परत एकदा. कंप पायातून पोचला की मनी वळायची, चाचपडत यायची आणि जनाबायच्या पायावर डोकं ठेवायची. "हाय गो, हितंच हाय," जनाबाय म्हणायची, ऐकू येत नसताना.

आता काशिनाथ. जनाबायचा नवरा. खाडीत मासे मिळायचे तेव्हा याची होडी रोज जायची. कारखान्यांचं पाणी खाडीत यायला लागलं तशी होडी बांधलेलीच राहायची आणि काशिनाथ ओट्यावर बसलेला. वाईट माणूस नव्हे. हेच मला सांगायचंय, आणि हेच सांगताना माझा सगळ्यात जास्त संताप होतो. वाईट माणसाशी भांडता येतं.

तो मला म्हणायचा, "पोरी, एवढं म्हातारीचं कोन करतं? खाडीपलीकडं सोडून येतो. धक्का हाय, मच्छी उतरते, राज्य करल ती तिकडं."

"आंधळी, बहिरी, आजारी मांजर राज्य करेल?"

"मारतो का मी? मारनं पाप हाय. सोडतो."

मी तेव्हा पत्रक काढलं. 'सोडणे म्हणजे मारणेच' असा मथळा. गावात वाटलं. बयोने त्यात चणे बांधून घेतले.

मग एका बाजाराच्या दिवशी गाडी शिरवण्यात आली आणि जनाबाय पाटी घेऊन आली नाही. मी घरी गेले. ती नुकतीच बाजारातून परतून दारात उभी होती. पाण्याची वाटी भरलेली. राखेचं घमेलं कोरडं. काशिनाथ ओट्यावर जाळं विणत होता.

"कुठं हाय?" जनाबायने विचारलं.

"सोडली."

"कुठं?"

"पलीकडं. सकाली." त्याने मान वर केली नाही. "बयो बोलली, घरावर काय यायच्या आधी काढा तिला. मारली नाय मी. तीनदा गोनी गरगर फिरवली, म्हंजे मागं वाट शोधत बसनार नाय. आनि शिदोरी दिलीय बरोबर. जवला बांधला मूठभर, तुज्या हाऱ्यातला, चांगला."

शिदोरी. ही इथली रीत आहे. गोणीत मांजराबरोबर खायला बांधून द्यायचं, म्हणजे पाठवणाऱ्याला दोष लागत नाही. आणि त्याने काय बांधलं? खारवलेला जवळा. भोवती खारं पाणी, आत खारी शिदोरी, आणि अंगात पाणी न धरणारं जनावर. विष घालायचं ठरवलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं.

मी ओरडले. काय काय बोलले ते इथे छापणार नाहीत. जनाबाय मात्र, जिचा आवाज दोन आळ्यांपलीकडे जायचा, ती एकच शब्द बोलली.

"होडी."

"ओहोटी लागल आता."

"होडी काढ."

मी डॉक्टरांना पुढच्या गावी जायला सांगितलं आणि होडीत बसले. काशिनाथ वल्हवत होता. मध्यावर मी विचारलं, "जवळा कशाला बांधलात?"

त्याला माझा प्रश्नच कळेना. "उपाशी कसा पाठवनार?" तो म्हणाला. डोळे भरलेले होते त्याचे. मला त्याला पाण्यात ढकलावंसं वाटलं.

पलीकडे, उलव्याच्या अंगाला, एक जुना लाकडी धक्का आहे. मासळीच्या होड्या तिथे लागतात, बर्फाच्या पेट्या रचलेल्या असतात. आम्ही वर चढलो. जनाबायने तोंडाशी हात धरला आणि हाक मारली, "मने!"

आणि सगळ्यांनी वळून बघितलं.

पेट्यांच्या आडून, जाळ्यांच्या ढिगातून, फळ्यांखालून. पांढरी, काळी, ठिपक्यांची, एका डोळ्याची, केस झडलेली. म्हातारी मांजरं. आमच्या गावांत प्रत्येक घरात मांजरीचं नाव मनीच. प्रत्येकीला कधीतरी कोणीतरी याच नावाने जेवायला हाक मारली होती. काही उठून चार पावलं पुढे आली, शेपटी वर करून. जवळ येऊन वास घेतला. आपलं माणूस नाही म्हटल्यावर जागेवर जाऊन बसली. धक्क्यावर गोण्या पडल्या होत्या, तोंडं सुटलेल्या. आमच्या गावची, शेजारच्या गावांची, पलीकडच्या नव्या इमारतींची सगळी पुण्यवान घरं तिथे बसलेली होती.

मी काशिनाथकडे बघितलं. तो धक्क्याच्या कडेला बसला होता, डोकं गुडघ्यात घालून.

त्यांच्यात करडी, फाटक्या कानाची मनी नव्हती. जनाबायने परत हाक मारली. परत त्याच सगळ्यांनी बघितलं. मग तिला आठवलं. तिने फळीवर टाच आपटली. एकदा. मग परत.

शेवटच्या पेटीमागे एक डोकं हललं.

मनी बर्फाचं वितळलेलं पाणी चाटत होती. मासळीचं, खारट, लालसर पाणी. शिदोरीचं फडकं शेजारी, रिकामं. भुकेने नाही, सवयीने खाल्लं असेल. जनाबायने पदरात घेतली तेव्हा तिने जनाबायच्या दंडावर डोकं ठेवलं आणि तो रडका आवाज काढला.

डॉक्टर संध्याकाळच्या आत परत आले. सलाईन दिलं, पुढचे काही दिवस गाडी वाट वाकडी करून रोज शिरवण्याला जात होती आणि कार्यवाहांना मी त्याबद्दल काही विचारू दिलं नाही. उपयोग झाला नाही. तोंडात फोड आले. पाण्यापाशी जायची, जीभ लावायची आणि मागे सरायची. जी आयुष्यभर पाण्यासाठी धडपडली नव्हती आणि शेवटी फक्त पाण्यासाठी जगत होती, तिला पाणीही झोंबायला लागलं.

डॉक्टर म्हणाले, "जनाबाई, एक इंजेक्शन असतं. झोप लागते. मग जाग येत नाही."

बयो उंबऱ्यात उभी होती. "मांजर मारल्याचं पाप सात पिढ्यांना पुरतं, जने."

जनाबायने तिच्याकडे बघितलं नाही. डॉक्टरांना विचारलं, "दुखतंय तिला?"

"हो."

"नाय दिलं तर?"

"तर दुखत दुखत जाईल."

"द्या." मी दार लोटायला गेले तर ती म्हणाली, "दार उघडं ठेव पोरी. लपून नाय करत मी. बघू दे सगल्यांना."

भर दुपारी, उघड्या दारात, गाव बघत असताना. मनी तिच्या मांडीवर. मी पाय धरले होते, पण धरायला काही नव्हतं. डॉक्टर सुई लावत असताना जनाबाय टाच जमिनीवर हळू हळू आपटत राहिली. नंतरही, मनीचं डोकं कलंडल्यावरही, कितीतरी वेळ.

आता गावाचा न्याय ऐका.

ज्याने गोणीत कोंबून, गरगर फिरवून, खारी शिदोरी देऊन आंधळं मांजर पाण्यापलीकडे टाकलं, त्याच्यावर एक शब्द नाही. त्याने मारलं कुठे? त्या वर्षी नारळी पुनवेला खाडीत नारळ सोडायचा मान काशिनाथला मिळाला. आणि जिने वर्षभर राख बदलली, बिनमिठाचं शिजवलं, मांडीवर घेऊन तिला सोडवलं, ती मांजरमारी. तिला पूजेच्या ताटाला हात लावू दिला नाही. तिच्याकडची मासळी घेणं बायांनी बंद केलं. मनी त्यावर मुतत होती तेव्हा चालत होती. मनी गेल्यावर बाटली.

मी काशिनाथला विचारलं, "नारळ घेतलात तुम्ही हातात?" तो म्हणाला, "गाव देतंय तर नाय कसा म्हननार?" तेवढंच. उपाशी कसा पाठवनार, नाय कसा म्हननार.

पुढे बयो स्वतः जनाबायच्या दुकानी आली. मी तिथेच होते, फळीवर बसलेली. बयो समजुतीच्या सुरात म्हणाली, "मांजर मारलं की सोन्याचं मांजर काशीला वाहायला लागतं. गाव एवढं नाय मागत. चांदीचं कर, देवलात ठेव. परत सगल्या येतील तुज्याकडं."

जनाबाय बोंबील तोलत होती. पारडं सोडलं नाही. "करते," ती म्हणाली. मी उडालेच. ती पुढे बोलली, "पर एक काम कर बयो. माज्यासंगं होडीत चल. पलीकडं धक्क्यावर उभी राहा आनि 'मने' म्हनून हाक मार. एकीनं जरी वळून बघितलं नाय, तर त्याच दिशी चांदी वाहते."

बयो पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला वाटलं, आता शिव्या घालेल, आणि मी माझ्या शिव्या तयार ठेवल्या. पण तिने विचारलं ते अगदी हळू, माझ्याकडे पाठ करून.

"पांढरी एक व्हती. शेपटीच्या टोकाला गाठ. हाय का गो तिथं अजून?"

जनाबायने तराजू खाली ठेवला.

"मी नाय बघितली. तू चल. तुज्या हाकेला येल."

बयो उठली. उंबऱ्याला हात लावला, घरी गेली.

होडी अजून तिथेच बांधलेली आहे. चांदीचं मांजर घडवलेलं नाही. मासळी घ्यायला बाया हळूहळू परत येतात, खाली मान घालून, आणि जनाबाय वजन कमी करत नाही. पलीकडे जायला मात्र अजून एकही बाई तिच्याबरोबर होडीत बसलेली नाही.